जीभ वळेना, गलका सोसवेना

पहिलीच्या वर्गातील एखादे मूल डोळ्यांसमोर आणावे. शिक्षक सांगतात ते त्याला समजते. 'पेरू कोठे आहे?' असे विचारताच ते चित्रातील पेरूवर अचूक बोट ठेवते. परंतु 'बटाटा' हा शब्द तीन वेळा म्हणावयास सांगितला, तर तो तिन्ही वेळा निराळा होऊन बाहेर पडतो. एकदा 'बताता', एकदा 'टाबा', आणि तिसऱ्या वेळी ओठ नुसतेच हलतात, आवाज फुटत नाही. याच मुलाची दुसरीही एक गोष्ट लक्षात येते. वर्गाने एका सुरात पाढे म्हणावयास आरंभ केला की ते कानांवर हात दाबून धरते. मधल्या सुट्टीत खिचडीचा घास ओठांशी आला की मान फिरवते. रांगेत मागून कोणाचा हात खांद्याला लागला तर चटका बसावा तसे दचकते. शाळेच्या लेखी हे मूल 'मंद' तरी असते किंवा 'हट्टी' तरी. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, 'बोलेल उशिरा. याच्या काकाचेही असेच होते.' आणि आई-वडील शहरातील एखाद्या बालविकास केंद्राची पायरी चढतात, तेव्हा तेथे त्यांना झोपाळा, जड जाकीट आणि ब्रश यांचा एक लांबलचक कार्यक्रम हाती मिळतो.

या तिघांचेही निदान चुकते आहे, हा या लेखाचा मुद्दा आहे. शाळा मुलाच्या बुद्धीवर संशय घेते, घर काळावर भरवसा ठेवते आणि बाजार दोन निरनिराळ्या अडचणींची एकच पुडी बांधून विकतो. या तीन चुकांमध्ये जी वर्षे निघून जातात, ती भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे असतात.

हा प्रश्न मूठभर घरांचा आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावर केवढे वादळ उठले हे वाचकांच्या स्मरणात असेलच. एप्रिल व जून महिन्यांतील शासन निर्णय अखेर २९ जून रोजी मागे घ्यावे लागले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मुलांच्या डोक्यावर भाषांचे ओझे किती असावे, याविषयी त्या काळात पुष्कळ लिहिले-बोलले गेले. परंतु ज्या मुलाला पहिल्याच भाषेतील शब्द तोंडातून काढताना घाम फुटतो, त्याचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात कानी पडला नाही. बालपणीच्या वाचिक अ‍ॅप्रॅक्सियाचे प्रमाण हजार मुलांमागे एक ते दोन असावे, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. तो प्रमाण मानला तर मोठ्या जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांतून अशी मुले शेकड्यांनी निघतील. त्यांतील किती मुलांना आपल्या अडचणीचे खरे नाव कधी ऐकावयास मिळत असेल?

अडचण नेमकी कोठे?

अ‍ॅप्रॅक्सिया म्हणजे तोतरेपणा नव्हे, बहिरेपणा नव्हे आणि बुद्धिमांद्यही नव्हे. या मुलाच्या ओठांत, जिभेत किंवा टाळूत दुबळेपणा नसतो. तेच ओठ घास घेतात, तीच जीभ चटणी चाटते. मोडलेली असते ती मेंदूतील आखणी. 'बटाटा' म्हणण्यासाठी प्रथम ओठ मिटावे लागतात, मग जीभ मागे वळून टाळूला दोनदा टेकावी लागते, आणि यांच्या मध्ये तीन स्वरांसाठी जबडा कमीअधिक उघडावा लागतो. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आसपास, एकामागून एक, अचूक क्रमाने व्हावे लागते. आपण हे नकळत करतो. अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या मुलाला प्रत्येक वेळी ही जुळणी जणू नव्याने करावी लागते. 'पपपप' ते म्हणू शकेल. 'पटक, पटक, पटक' म्हणताना मात्र गाडी रुळावरून घसरेल.

अमेरिकेतील वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या विकाराची तीन लक्षणे सांगितली आहेत. एकच शब्द पुनःपुन्हा म्हणताना होणाऱ्या चुका दर वेळी वेगळ्या असणे, हे पहिले. एका ध्वनीवरून दुसऱ्या ध्वनीवर जाताना होणारी ओढाताण व खंड, हे दुसरे. आणि बोलण्याची लय व आघात बिघडलेले असणे, हे तिसरे. कारणांच्या शोधात महत्त्वाचा टप्पा आला तो २००१ साली. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील जवळजवळ निम्म्या माणसांना बोलण्याची तीव्र अडचण होती. त्यांच्या अभ्यासातून 'फॉक्सपी-टू' या जनुकातील बिघाड उघडकीस आला. पुढे इतरही अनेक जनुकांचा संबंध दिसून आला. तात्पर्य, आईने मुलाशी पुरेसे बोलणे केले नाही, घरात दोन भाषा बोलल्या गेल्या किंवा मूल लाडावले, म्हणून हा विकार होत नाही. घराघरांतून आयांना दिला जाणारा दोष निराधार आहे, एवढी एक गोष्ट जरी समाजाने मनावर घेतली तरी पुष्कळ झाले.

आता दुसरी बाजू. आपल्याला पाचच ज्ञानेंद्रिये आहेत असे शाळेत शिकवले जाते. वास्तविक शरीराला आणखीही संवेदना असतात. तोल व गती यांची जाणीव आतील कानातून येते. हात-पाय, मान, जबडा या क्षणी कोठे आहेत याची जाणीव स्नायू व सांध्यांतून येते. या साऱ्या वार्ता मेंदूत एकत्र येतात, त्यांतील नको त्या गाळल्या जातात आणि हव्या त्यांवर कृती होते. काही मुलांच्या बाबतीत ही गाळणी नीट चालत नाही. कुकरची शिटी त्यांना कानठळ्या बसवणारी वाटते, न्हाव्याची कात्री संकट वाटते, नव्या गणवेशाची कड अंगाला टोचत राहते. उलट काही मुलांना संवेदना अपुरी पडते. मग ती सतत उड्या मारतात, भिंतीला अंग घासतात, सदऱ्याची कॉलर चघळतात. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांनी या विषयाची मांडणी केली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथापासून 'सेन्सरी इंटिग्रेशन', म्हणजे संवेदनांची एकसंध जुळणी, ही कल्पना जगभर पसरली.

दोन अडचणींचे नाते

वाचिक अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या मुलांत अशा संवेदनविषयक तक्रारी बऱ्याच वेळा आढळतात, हे पालक आणि उपचारतज्ज्ञ दोघेही सांगतात. पालकांकडून प्रश्नावली भरून घेऊन केलेल्या लहान अभ्यासांतूनही तेच दिसले आहे. परंतु 'बरोबर आढळणे' आणि 'एकामुळे दुसरे होणे' यांत महदंतर आहे. पावसाळ्यात छत्र्या आणि सर्दी एकदमच वाढतात. म्हणून छत्रीमुळे सर्दी होते असे कोणी म्हणत नाही.

नात्याच्या शक्यता तरी कोणत्या? पहिली अशी, की बोलताना जीभ व ओठ कोठे आहेत याची आतून येणारी वार्ताच पुसट असेल, तर मेंदू हालचालीची आखणी नीट शिकणार कशी? अंधारात सुई ओवण्यासारखाच तो प्रकार. ही उपपत्ती तर्काला धरून आहे आणि तिच्यावर गंभीर संशोधन चालू आहे. पण ती सिद्ध झालेली नाही. दुसरी शक्यता अशी, की मेंदूच्या जडणघडणीतील एकाच मूळ फरकामुळे दोन्ही अडचणी शेजारी शेजारी उद्भवत असाव्यात. तिसरी शक्यता अशी, की काही मुलांना अ‍ॅप्रॅक्सियाच्या जोडीला ऑटिझम किंवा हालचालींच्या समन्वयाची अडचणही असते, आणि संवेदनांचा त्रास त्यातून येतो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अवघ्या ३० मुलांच्या एका अभ्यासात, ऑटिझमचे निदान झालेल्या मुलांपैकी सुमारे ६४ टक्के मुलांत अ‍ॅप्रॅक्सियाही आढळला. त्याआधी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात, बोलू शकणाऱ्या ऑटिझमग्रस्त मुलांत अ‍ॅप्रॅक्सियाचा असा संबंध आढळला नव्हता. आकडे लहान, निष्कर्ष परस्परविरोधी. शास्त्राची ही खरी स्थिती आहे, आणि ती पालकांना सांगितली गेली पाहिजे.

चौथी शक्यता साधी आहे, आणि म्हणूनच ती विसरली जाते. ज्याला बोलता येत नाही, त्याला 'मला हे सहन होत नाही' असे सांगताही येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा सुरू झाला की बोलणारे मूल 'आई, घरी चल' म्हणते आणि सुटते. न बोलणारे मूल रस्त्यावर अंग टाकून देते. गोंगाट दोघांनाही नकोसा असतो. फरक असतो तो तक्रारीच्या साधनाचा. ज्याला आपण आचरटपणा किंवा संवेदनदोष म्हणतो, त्यातील काही भाग म्हणजे शब्द नसलेल्या माणसाचा निषेध असू शकतो.

उपचारांचा बाजार

हा भेद काटेकोरपणे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. निदान जेथे चुकते तेथे पैसा व वेळ या दोहोंचाही अपव्यय होतो. पूर्वी उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर वेखंड उगाळून लावत, पोपटाचे उष्टे फळ खाऊ घालत. आज शहरांतून त्यांची जागा शिट्ट्या फुंकणे, फुगे फुगवणे, गालांवर ब्रश फिरवणे आणि झोपाळ्यावर झुलवणे यांनी घेतली आहे. उपकरणे आधुनिक, देयके छापील. पण 'याने बोलणे येईल' या आश्वासनाला आधार किती, हा प्रश्न जुन्या उपायांना जसा विचारावयाचा तसाच नव्यांनाही विचारावयास हवा.

उपलब्ध पुरावा काय सांगतो? उच्चार न करता केवळ तोंडाचे व्यायाम करून बोलणे सुधारते, याला भक्कम आधार नाही, असा निष्कर्ष २०१५ सालच्या कॉक्रेन समीक्षेत निघाला. अ‍ॅप्रॅक्सियावरील उपचारांची कॉक्रेन समीक्षा २०१८ साली प्रसिद्ध झाली. निकषांत बसणारा एकच नियंत्रित प्रयोग समीक्षकांना सापडला. तो ऑस्ट्रेलियात २६ मुलांवर झालेला होता. त्यात तपासलेल्या दोन्ही पद्धतींत प्रत्यक्ष शब्द व अक्षरगट यांचा नियोजनपूर्वक, वारंवार सराव करून घेतला जातो, आणि दोहोंचाही मुलांना उपयोग झाला. थोडक्यात, पोहणे पाण्यात शिकावे लागते. बोलणे बोलूनच येते. हा सराव एकेकट्या मुलाकडून, आठवड्यातून तीन ते पाच वेळा करून घ्यावा, असे २००७ च्या अहवालात सुचवले आहे.

संवेदन-उपचारांच्या बाबतीत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली सावध भूमिका घेतली. संवेदनदोष हा स्वतंत्र विकार आहे की अन्य विकारांचे लक्षण, हे निश्चित नसल्याने ते स्वतंत्र निदान म्हणून देऊ नये, आणि उपचार करावयाचे असल्यास त्यामागील पुरावा मर्यादित असल्याचे पालकांना स्पष्ट सांगावे, असे तिने म्हटले. २०१३ साली निघालेल्या मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणातही त्याला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. ऑटिझमच्या लक्षणांत मात्र संवेदनांच्या कमीअधिक प्रतिसादाचा समावेश झाला. पुढे २०१४ साली ३२ मुलांच्या एका प्रयोगात संवेदन-उपचारांचा लाभ दिसला. तर ब्रिटनमध्ये १३८ ऑटिझमग्रस्त मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात नेहमीच्या सेवांपेक्षा अधिक फायदा आढळला नाही. हे दोन्ही प्रयोग ऑटिझम असलेल्या मुलांवरचे होते. केवळ वाचिक अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या मुलांना त्यांचे निष्कर्ष तसेच्या तसे लावणेही धाडसाचे ठरेल.

याचा अर्थ व्यवसायोपचार निरुपयोगी आहे असा कोणी काढू नये. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण प्रथम आपल्या देशात आणले. दात घासून घेणे, केस कापून घेणे, चार प्रकारचे अन्न खाणे, लेखणी धरणे, वर्गात स्वस्थ बसणे ही कामे मुलाला सोपी करून देणे, हा त्याचा विषय आहे, आणि त्यासाठी ते मोलाचे आहे. शांत झालेले मूल उच्चारांच्या सरावाला अधिक मन लावून बसेल, हेही खरे. आक्षेप आहे तो एवढ्यावरच, की झोपाळा हा उच्चाराचा पर्याय म्हणून विकला जाऊ नये. आठवड्यातील दोनच तासांचे पैसे परवडणाऱ्या कारकुनाने ते दोन्ही तास झोपाळ्यावर खर्च केले, तर त्याच्या मुलाच्या बोलण्यासाठी शिल्लक काय राहणार?

कायद्यातील हरवलेला रकाना

आता राज्यसंस्थेकडे वळू. अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. ही मोठी प्रगती होती. परंतु वाचिक अ‍ॅप्रॅक्सियाचे मूल त्यात कोठे बसते? वाचा व भाषा अपंगत्वाच्या व्याख्येत 'कायमस्वरूपी' हा शब्द आहे आणि उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढून टाकल्याची व अफेजियाची. म्हणजे मुख्यतः प्रौढांची. ज्या मुलाचे बोलणे उपचारांनी सुधारू शकते, त्याने आपला दोष कायमचा आहे असे सिद्ध करावयाचे काय? दुसरीकडे, 'डिस्प्रॅक्सिया' आणि 'विकासजन्य अफेजिया' ही नावे अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत आहेत. पण जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मूल्यमापनाच्या सूचनांत त्या प्रमाणपत्रासाठी वयाची आठ वर्षे पूर्ण असण्याची अट घालण्यात आली आणि चाचणी ठरली ती वाचन, लेखन व गणित यांची. तिसऱ्या वर्षी ज्याला मदत हवी, त्याला आठव्या वर्षापर्यंत थांबावयास सांगणे म्हणजे रोप वाळल्यावर पाट सोडण्यासारखेच होय. संवेदनांच्या त्रासाला तर यादीत स्वतंत्र स्थानच नाही. अशा वेळी ऑटिझमच्या रकान्यात मुलाला कसेबसे बसवून सवलत मिळवण्याचा मोह पालकांना झाला, तर दोष एकट्या पालकांचा कसा म्हणावा?

व्यवसायांच्या नियंत्रणाचीही अशीच विभागणी आहे. वाचा उपचारतज्ज्ञांची नोंदणी सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. व्यवसायोपचारतज्ज्ञ मात्र २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांसंबंधीच्या कायद्यानुसार आरोग्य मंत्रालयाच्या कक्षेत येतात. मूल एकच, त्याची जीभ एका मंत्रालयाकडे आणि कान-त्वचा दुसऱ्याकडे! दोघांनी मिळून एक आराखडा करावा, असे बंधन घालणार कोण?

व्यवस्था अगदीच नाही, असेही नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांतून वर्षातून दोनदा व शाळांतून एकदा तपासणी करतील, भाषाविकासातील विलंब हेरतील आणि मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतील, अशी योजना आहे. तेथे वाचातज्ज्ञाची तरतूदही आहे. योजना उत्तमच. परंतु आठवड्यातून तीन वेळा सराव हवा असताना तालुक्याच्या गावातील मजुराने मुलाला घेऊन आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात उभ्या आहेत. त्यांचे ज्ञान अंगणवाडी सेविकेच्या आणि आईच्या हाती पोहोचवणे, हे यापुढचे काम आहे.

भाषेचा प्रश्नही याला जोडूनच येतो. अ‍ॅप्रॅक्सियाच्या नावाजलेल्या पद्धती इंग्रजी ध्वनींवर उभ्या आहेत. आपल्या 'ळ' आणि 'ण'चे, 'क-ख', 'त-थ' या अल्पप्राण-महाप्राण जोड्यांचे, 'चमचा' आणि 'चटई' यांतील दोन 'च'चे काय? मराठीत प्रत्यय चिकटून शब्द लांबत जातो. 'शाळेतल्यांसाठी' हा एकच शब्द या मुलाला डोंगर वाटेल. तेव्हा मराठी शब्दसंपदेवर आधारलेली चाचणी व सरावमाला सर्वत्र सहज उपलब्ध असणे, ही मराठीच्या अभिमानाचीही बाब मानली पाहिजे. 'घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, तीही इंग्रजी' असा सल्ला काही ठिकाणी पालकांना दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्याने हा विकार होत नाही. मग आजीशी बोलण्याची भाषा मुलाकडून काढून घेण्यात कोणता उपचार आहे?

शिक्षकांच्या हाती काय आहे?

या मुलाचे भवितव्य ठरते ते मुख्यतः वर्गात. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने पायाभूत वाचनाकडे देशाचे लक्ष वेधले, हे चांगलेच झाले. परंतु त्यात वाचनाचे एक माप मोठ्याने वाचलेल्या शब्दांचे आहे. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६०. वाचलेले समजते पण उच्चारता येत नाही, अशा मुलाला या तराजूत घातले तर त्याचे वजन शून्य भरणार. ते निरक्षर नाही. तराजू त्याच्यासाठी केलेला नाही. त्याला वाचून चित्र निवडावयास सांगावे, वाक्ये क्रमाने लावावयास द्यावीत, लिहून उत्तर देऊ द्यावे. महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्याचे धोरण स्वीकारले होते. ज्या राज्याने दहावीच्या परीक्षेत ते औदार्य दाखवले, त्याला पहिली-दुसरीच्या तोंडी चाचणीत ते जड जाऊ नये.

संवेदनांच्या बाबतीत तर खर्चाचाही प्रश्न फारसा नाही. खिडकीपासून व घंटेपासून दूर असा कोपऱ्यातील बाक, मागून हात न लावता समोरून हाक मारण्याची सवय, पाढ्यांच्या वेळी व्हरांड्यात बसण्याची मुभा, घंटा होण्यापूर्वी एक खूण, आणि न खाल्लेल्या घासाबद्दल चारचौघांत पाणउतारा न करणे. एवढ्याने पुष्कळ साधेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळेभोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करता येतो आणि तेथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम पाळला गेला, तर त्याचा लाभ कानांवर हात दाबणाऱ्या एका मुलाबरोबर उरलेल्या पन्नास मुलांनाही होईल, आणि घसा खरवडून शिकवणाऱ्या शिक्षकालाही.

बोलणे येईपर्यंत मुलाला मुके ठेवण्याचेही कारण नाही. चित्रांची पाने, हातखुणा, किंवा मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये तयार झालेल्या 'जेलो'सारखे चित्रांतून बोलणारे साधन त्याच्या हाती द्यावे. 'अशाने ते बोलण्याचा आळस करील' ही भीती पालकांच्या मनात असते. ती अनाठायी आहे. मागणे कळू लागले, ऐकले जाऊ लागले, की बोलण्याची धडपड कमी न होता तिला हुरूपच येतो.

अर्थात पन्नास मुलांच्या वर्गात एका शिक्षकाने हे सारे एकट्याने करावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक. आपल्या शाळेच्या वाट्याला असा शिक्षक आला आहे काय, हे शिक्षक संघटनांनी व पालकांनी मिळून विचारले पाहिजे. वेतनवाढीच्या निवेदनात ही एक ओळ अधिक आली, तर त्या निवेदनाचे वजन वाढेलच.

मागण्या मोजक्याच आहेत. अ‍ॅप्रॅक्सियाच्या मुलाला बोलण्याचा सराव बोलण्यातून मिळावा आणि तो तालुक्याच्या ठिकाणी मिळावा. संवेदनांचा त्रास त्याच्या मानाने खरा मानला जावा, पण त्यावरील उपाय हे बोलण्याचे औषध म्हणून विकले जाऊ नयेत. प्रमाणपत्राच्या नियमांत आठ वर्षांखालील मुलाला तात्पुरते का होईना स्थान असावे. आणि तोंडी उत्तर हेच बुद्धीचे एकमेव माप, ही आपली जुनी समजूत शाळेच्या दाराबाहेर ठेवली जावी.

शेवटी एक गोष्ट आपण सर्वांनीच स्वतःला विचारून पाहावी. बोलक्या मुलाचे कौतुक करणारा आपला समाज आहे. 'पोपटासारखे बोलते' ही आपल्याकडे शाबासकी समजली जाते. पण पोपटाला बोललेले कळत नसते, आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या त्या मुलाला सारे कळत असते. आपल्याविषयी शिक्षक काय म्हणाले आणि पाहुण्यांसमोर घरचे काय बोलले, हेही. त्याला उत्तर देता येत नाही, एवढेच. उद्या सकाळी हजेरी घेताना त्याचे नाव येईल तेव्हा 'हजर' या शब्दाची वाट न पाहता वर केलेला हात पुरेसा मानावा. त्याला शासन निर्णयाची गरज नाही.